नलूचा पहिला शब्द

साळूबाईला बालवर्गात ठेवली होती ती पोरं गोळा करायला. भोरच्या वरच्या आळीपासून नीरेच्या घाटापर्यंत तिची अठरा घरं होती. रोज सकाळी प्रत्येक दाराशी थांबायचं, आतलं रडं ऐकायचं, आईच्या पदरात अडकलेली बोटं एकेक करून सोडवायची आणि पोराला रांगेत घ्यायचं. वर्गात पोचलं की नाकं पुसायची, पाणी भरायचं, झाडून काढायचं, कुणाची चड्डी ओली झाली तर बदलायची. शिकवायचं काम आनंदराव मास्तरांचं. ते धूळपाटीवर पोरांची बोटं धरून अक्षरं गिरवून घेत आणि हातातला रूळ टेबलावर आपटून वर्ग गप्प ठेवत.

ही गोष्ट सन चौतीस-पस्तीसची, संस्थान होतं तेव्हाची. साळूबाई पंचेचाळिशीची असेल. नक्की वय तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. माहेर वेल्ह्याच्या पलीकडं, तोरण्याच्या पायथ्याला. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. कुंडलिक नावाच्या चुलत दिरानं तिला भोरला आणून या कामाला लावलं. मूल नसलं तरी पोरं तिला नवी नव्हती. लहानपणी आईबाप भातलावणीला गेले की चार धाकटी भावंडं तिच्याच गळ्यात असत. त्यातला गेनू पाच वर्षांचा झाला तरी बोलेना. सगळ्यांनी त्याला मुका म्हणून सोडून दिलं होतं. साळूबाई भात कांडायला बसली की त्याला समोर बसवी. मुसळ खाली आलं की एक शब्द, पुन्हा खाली आलं की दुसरा. तिसऱ्या ठोक्याला ती गप्प राही आणि गेनूकडं बघे. चार महिने गेनू नुसता बघत होता. मग त्या तिसऱ्या ठोक्याला 'हुं' म्हणायला लागला. वर्षभरात बोलायलाच लागला. आता तोच गेनू बैलांवर ओरडला की दोन शेतं पलीकडची माणसं मान वर करून बघत.

हे काही ती कुणाकडून शिकली नव्हती. कुणी विचारलं असतं तर तिला समजावूनही सांगता आलं नसतं. पण भोरच्या आळीतून अठरा रडकी पोरं न्यायची वेळ आली तेव्हा तिनं आपोआप तेच केलं. पहिल्या दाराच्या पायरीशी तिनं हाळी दिली, "कुनी उतरली पायरी?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "म्या गं म्या!" उत्तराच्या तीन शब्दांवर तीन पावलं आपटली. दोन-चार दिवसांत पोरं उत्तर द्यायला लागली. पायरीनंतर वाटेतला ओहोळ आला, ओहोळानंतर गवळ्याच्या दारातली म्हैस, मग देवळासमोरचा पार. जे वाटेत दिसेल ते गाण्यात.

"कुनी वलांडला वढा?"

"म्या गं म्या!"

"कुनी हाकलली म्हस?"

"म्या गं म्या!"

रडणं महिन्याभरात थांबलं. पोरं दाराशी तिची वाट बघत उभी राहायला लागली. मास्तरांनी हजेरीपट पाहिला, समाधानानं मान हलवली आणि त्याचं कारण काय असेल याचा विचार केला नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर रांगेत नलू आली. संस्थानच्या कचेरीतले कारकून उपेंद्रराव यांची एकुलती एक मुलगी. चार वर्षं पुरी झाली होती, पण बोलत नव्हती. ऐकू येत होतं. हाक मारली की वळून बघायची, भांडं पडलं की दचकायची. काही हवं असलं की बोट दाखवून 'अं' करायची, आणि ते कुणाला कळलं नाही की जमिनीवर लोळण घ्यायची. उपेंद्ररावांनी साताऱ्याच्या एका वैद्यांचं औषध सुरू केलं होतं. सकाळ-संध्याकाळ तुपातून चाटण. चार मुलांत मिसळेल म्हणून वर्गात घातली ती नलूच्या आईनं, सौदामिनीनं.

"साळूबाई, हिच्याशी जरा सांभाळून हं," ती पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली. चोविशीची पोर, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. "ही बोलत नाही."

"न्हाई तर न्हाई," साळूबाई म्हणाली. "चालती न्हवं? मग झालं."

नलू चालली. पहिले आठ दिवस साळूबाईचा पदर मुठीत धरून नुसती चालली. मग साळूबाईच्या लक्षात आलं की बाकीची पोरं 'म्या गं म्या' म्हणतात तेव्हा नलूचे पाय बरोबर तीन वेळा पडतात. एकही ठोका चुकत नव्हता. मोठी पोरं एखादं पाऊल जास्त आपटत, ही नाही. पौषात तिच्या नाकातून सूर यायला लागला. शब्द नाही, तोंड बंद, पण तीन सूर अगदी जागच्या जागी. साळूबाई तिच्याकडं बघायची नाही. गेनूच्या वेळी तो पहिल्यांदा 'हुं' म्हणाला तेव्हा आईनं सगळ्या वाडीला बोलावून त्याच्याभोवती गोळा केलं होतं आणि पोरगं पुढं महिनाभर तोंड मिटून बसलं होतं. ते साळूबाई विसरली नव्हती.

माघातल्या एका सकाळी गवळ्याची म्हैस नेमकी आळीच्या मधोमध बसली होती. रांग थांबली. गवळी आतून काठी घेऊन येईपर्यंत पोरं म्हशीच्या शेपटीकडं बघण्यात गुंग झाली. साळूबाईनं सवयीनं विचारलं, "कुनी हाकलली म्हस?" कुणी उत्तर दिलं नाही. तीही गप्प राहिली.

"म्या," नलू म्हणाली.

स्वच्छ, मोठ्यानं. खाली बसून पोरीला छातीशी धरावं असं तिला झालं. पण तिनं मान वळवली नाही. घसा खाकरून पुढची ओळ म्हटली, "कुनी चढला पार?" आणि नलूनं या खेपेला पोरांबरोबर पुरे तीन शब्द म्हटले.

त्यानंतर शब्द रोज यायला लागले. हितं. तितं. पानी. न्हाई. व्हय. गाण्यातून बाहेर पडून ते वर्गात आले, वर्गातून घरी गेले. सौदामिनी एका सकाळी दारात उभी राहून नुसती रडत होती. तिनं साळूबाईच्या हातात खोबऱ्याची वडी ठेवली आणि आत पळाली. साळूबाई ती वडी तोंडात घोळवत दिवसभर खुशीत होती.

पंधरा दिवसांनी उपेंद्ररावांकडं पुण्याहून त्यांचे मामेभाऊ आले. पंक्तीत कुणीतरी विचारलं, "आणखी भात कुणाला हवाय?" नलूनं हात वर केला आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, "म्या! म्या लई भात!" पाहुणे खोखो हसले. "अरे उपेंद्रा, मुलगी बोलायला लागली म्हणालास, पण ही तर कुणब्याच्या घरची वाटते!" म्हणाले. सगळे हसत होते म्हणून नलूही हसली आणि तिनं पुन्हा तेच म्हटलं. उपेंद्ररावांनी हातातला घास ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते वर्गावर आले. साळूबाई ओसरीवर पाण्याचा हंडा घासत होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"मास्तर, मुलीला इथं पाठवली ती शुद्ध भाषा कानावर पडावी म्हणून," उपेंद्रराव म्हणाले. "ती बाई रस्त्यानं काय वाटेल ते म्हणवून घेते. मुलीच्या जिभेला आत्ता कुठं वळण लागतंय. हे असलं वळण लागलं की जन्मभर जात नाही."

मास्तरांनी साळूबाईला आत बोलावलं. "उद्यापासून गाणं बंद."

हंड्याची राख हाताला तशीच होती. साळूबाई म्हणाली, "रावसाहेब, ती त्या गान्यानंच बोलली."

उपेंद्ररावांनी तिच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "अगं, वैद्यांचं औषध चालू आहे चार महिने. गाण्यानं कुणी बोलतं का?"

"आमचा गेनू बोलला."

"कोण गेनू?"

"माजा भाऊ. पाच वर्सांचा हुईस्तोवर..."

"बरं बरं," मास्तर मध्येच म्हणाले. "जा तू, पाणी भर."

गेनूची गोष्ट तिथंच राहिली. साळूबाईनं तो हंडा इतका घासला की हाताची कातडी निघाली.

सकाळी तिनं शब्द म्हटले नाहीत. तोंड बंद ठेवून नुसता सूर धरला आणि टाळ्या वाजवल्या. शब्द पोरांनीच घातले. अठरा पोरं आणि नलू 'म्या गं म्या' ओरडत वर्गाच्या दारापर्यंत आली. मास्तर रूळ घेऊन ओसरीवर आले.

"मी काल काय सांगितलं होतं?"

"म्या कुठं म्हनलं? पोरं म्हनत्यात."

"मग पोरांना गप्प कर! म्हणायचंच असेल तर हे म्हणा," असं सांगून मास्तरांनी एक श्लोकासारखं काहीतरी स्वतः रचून दिलं. 'प्रातःकाळी उत्साहे विद्यालयी गमन करू.' साळूबाईनं प्रामाणिकपणे तीन दिवस ते घोकलं. पण त्यावर पाऊल पडेना. कुठं थांबायचं ते पोरांना कळेना आणि 'गमन' म्हणजे काय ते साळूबाईलाच ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी रांग मुकाट्यानं चालली. पाचव्या दिवशी तिसऱ्या घरातला पोरगा पुन्हा खांबाला मिठी मारून रडला.

आणि नलू गप्प झाली. एकदम नाही. आधी 'म्या' गेलं, कारण घरी ते म्हटलं की उपेंद्रराव तिला थांबवून सांगत, "म्या नाही, मी म्हण. मी. म्हण बघू." ती तोंड उघडायची, वडिलांच्या चेहऱ्याकडं बघायची आणि मिटायची. मग 'हितं' गेलं, मग 'पानी'. फाल्गुन संपेपर्यंत पुन्हा बोट आणि 'अं'. वर्गात तर ती भिंतीला टेकून बसायची ती उठायचीच नाही. साळूबाईनं मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणाले, "औषधाची बाटली संपली होती म्हणे मध्यंतरी. उपेंद्ररावांनी नवी मागवलीय. येईल ताळ्यावर."

साळूबाईनं डोक्याला हात लावला. पोरगी बोलली तर औषधानं, गप्प झाली तर औषध संपल्यानं! तिला वाटलं, रस्त्यात उभं राहून ओरडावं. पण ओरडून सांगायचं तरी काय? तिच्याजवळ बाटली नव्हती, वैद्याची चिठ्ठी नव्हती. होतं ते एक गाणं, आणि त्यालाही गाणं म्हणायला कुणी तयार नव्हतं.

एका दुपारी उपेंद्रराव कचेरीत असताना ती त्यांच्या परसदारी गेली. सौदामिनी जात्याजवळ डाळ भरडत होती. साळूबाईला बघून ती उठली.

"वहिनी, म्या एकच सांगायला आले. मला गाऊ देत न्हाईत, नगा देऊ. तुमी गावा."

"मी?"

"तुमच्या शुद्ध भाषेत गावा. 'मी गं मी' म्हना. पन म्हना. सूर तोच ठेवा, पाय आपटा, आन शेवटचा शबुद तिच्यासाठी सोडा. ती घालंल."

सौदामिनीनं दाराकडं बघितलं. "साळूबाई, आमच्याकडं बायकांनी मोठ्यानं गायलेलं चालत नाही. लग्नाआधी मी पेटी शिकत होते. इथं आल्यावर बंद झाली. आणि पाय आपटायचे म्हणजे..."

"लेकरासाठी बी न्हाई चालत?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"न्हाई कळत," साळूबाई म्हणाली. "खरंच न्हाई कळत." आणि पाणीही न घेता परत फिरली. वाटेत तिला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. पोर तिची होती, घर तिचं होतं, उद्या बोलणी खायची ती तिनंच. पण राग काही उतरला नाही.

उन्हाळ्याची सुट्टी झाली. आखाडात वर्ग पुन्हा भरला तेव्हा नलू रांगेत नव्हती. सौदामिनी तिला स्वतः पोचवायला येई, वेगळ्या वाटेनं. साळूबाईला दोघी वर्गाच्या दारात येताना दिसत. नलूच्या तोंडात शब्द होते. थोडे, पण होते, आणि स्वच्छ घरच्या बोलीतले. 'आई, पाणी. मी आले.' साळूबाईला बरं वाटलं. घसरलेलं लेकरू पुन्हा चढत होतं. कसं, ते तिला कळेना.

श्रावणात उपेंद्ररावांनी सत्यनारायण घातला. साताऱ्याहून वैद्य आले. त्यांना पाटावर बसवून उपेंद्ररावांनी शेला पांघरला. मास्तर आले होते, कचेरीतली मंडळी होती. नलूला पुढं उभी करून तिच्याकडून दोन ओळींची आरती म्हणवून घेतली. ती म्हणाली, न अडखळता. सगळ्यांनी वैद्यांकडं बघून माना डोलावल्या. वैद्य म्हणाले, "ब्राह्मीचा गुण सावकाश येतो, पण टिकतो."

साळूबाईला भांडी घासायला बोलावलं होतं. परसात बसून ती मोठं पातेलं घासत होती आणि हे सगळं ऐकत होती. सौदामिनी प्रसादाचा द्रोण घेऊन मागं आली. खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "मी म्हणते तिच्यासाठी."

"काय म्हनता?"

"तुमचंच. शब्द बदललेत थोडे. हे कचेरीत गेले की माजघरात, दार लावून. शाळेत नेतानासुद्धा म्हणते, नदीकाठच्या वाटेनं. तिथं कुणी नसतं." तिच्या ओठांवर हसू होतं, पण डोळे भरले होते. "पहिल्या दिवशी माझा ठोका चुकला तर नलूनं मला पुन्हा म्हणायला लावलं."

साळूबाईच्या हातातली नारळाची शेंडी थांबली. आनंद झाला तिला, खोटं कशाला सांगा. पण त्याच्या पाठोपाठ जे आलं ते आनंदापेक्षा जड होतं.

"मग सांगा की भाईर जाऊन. त्या वैद्याला सांगा. मास्तरांना सांगा."

"कसं सांगू?"

"तोंडानं."

"साळूबाई, सगळ्यांदेखत, पूजेच्या दिवशी? हे काय म्हणतील?"

"मला काय मोठेपना नगं, वहिनी. शेला नगं. माज्या रांगंत अठरा पोरं हाईत. त्यातली तीन पुन्यांदा रडाया लागल्यात. तिसऱ्या घरचा पोरगा तर येईनासाच झालाय. तुमी सांगितलं तर मास्तर ऐकतील. माजं कोन ऐकतंय?"

सौदामिनीनं द्रोण तिच्याजवळ ठेवला. आतून कुणीतरी हाक मारली. ती गेली. बराच वेळ साळूबाई कान देऊन बसली. बाहेर पानसुपारी झाली, वैद्यांची गाडी जुंपली, माणसं उठली. सौदामिनी काही बोलली नाही. साळूबाईनं पातेलं पालथं घातलं, हात धुतले आणि प्रसाद न घेता निघाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मास्तरांना सांगितलं, "दुसरी बाई बघा."

मास्तरांनी बघितली. फुलाबाई नावाची एक धिप्पाड बाई तीन आठवडे आली. तिनं पोरांना बखोटीला धरून आणलं. दुसऱ्या आठवड्यात रांगेत नऊ पोरं उरली, तिसऱ्यात सहा, आणि फुलाबाईनं सांगितलं की यापेक्षा शेण थापलेलं बरं. साळूबाई तोवर कुंडलिकाच्या घरी तांदूळ निवडत बसली होती. वेल्ह्याला भावाकडं निघून जावं असा विचार तिच्या मनात रोज येत होता. गेली नाही, कारण सकाळी आठ वाजले की तिचे पाय आपोआप आळीकडं वळायचे आणि ती ओट्यावरून परत यायची.

भाद्रपदात आनंदराव मास्तर स्वतः कुंडलिकाच्या दारात आले. टोपी सारखी करत उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"साळूबाई, परत ये. हजेरीपटाचं फार वाईट झालंय. तपासनीस यायचेत."

"आन गानं?"

रस्त्यावरून दोन माणसं जात होती, ती लांब जाईपर्यंत मास्तर थांबले. मग म्हणाले, "म्हण. पण हळू म्हण. आळीतल्या मंडळींना ऐकू जाईल असं नको."

"पोरं हळू म्हनत्यात व्हय कधी?"

"ते तू बघ."

"मास्तर, ती नलू कशानं बोलली, ठावं हाय तुमास्नी?"

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. त्या नजरेवरून साळूबाईला वाटलं की त्यांना ठाऊक असावं, निदान शंका तरी असावी. पण ते एवढंच म्हणाले, "उद्या आठाला ये."

ती गेली. पुढं आठ वर्षं जात राहिली, गुडघे धरेपर्यंत. आळीच्या वरच्या टोकाला पोरं कुजबुजत म्हणायची, आणि ओहोळ ओलांडून मोठमोठी घरं मागं पडली की ती त्यांना खूण करायची आणि पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची. अडखळत बोलणारी, उशिरा बोलणारी आणखी दोन-तीन पोरं त्या वर्षांत रांगेतून गेली आणि बोलती झाली. एकाच्या घरी अंगाऱ्याचा गुण आला म्हणाले, दुसऱ्याच्या घरी नवसाचा. साळूबाईनं सुरुवातीला प्रत्येक दारात जाऊन खरं काय ते सांगून पाहिलं. बायका 'हो का?' म्हणत आणि तिला बसायला चटई देत. पुढं पुढं तिनं सांगणं सोडून दिलं. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र ती कुंडलिकाच्या बायकोशी विनाकारण भांडायची, आणि ती का चिडली आहे हे त्या घरात कुणालाच कळायचं नाही.